मार लागला हे आपलं आपण सांगायचं असतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता आणि चार महिन्यांपासून दर रविवारी एससीए या मध्ययुगीन खेळ जपणाऱ्या संस्थेच्या चिलखती लढाईच्या सरावाला जाता. सुरुवातीला फार मजा आली. आता मात्र लागोपाठ दोन-तीन वार बसले की डोकं तापतं, मग तुम्ही अंदाधुंद मारत सुटता आणि समोरचे नाराज होतात. त्याची लाज वाटून पुढच्या रविवारी हात आखडता, त्यात समोर बाई असली किंवा अंगाने लहान कुणी असलं तर जास्तच. परतताना गाडीत चिडचिड होते. तुम्ही विचारलंय की आक्रमकता किती ठेवावी, ताबा किती ठेवावा आणि यात मजा कुठे हरवली. शिवाय यंदा पेन्सिकला, म्हणजे एससीएच्या मोठ्या 'युद्धा'ला जावं का, की हे सोडून सरळ बुहर्टकडे, म्हणजे पोलादी हत्यारांनी लढायच्या खेळाकडे वळावं, हेही विचारलंय.

मी ओहायोत राहतो. चिलखत अंगावर चढवून मला अठरा वर्षं झाली. त्याआधी शाळकरी वयात कोल्हापुरात तालमीत जायचो. दोन्हीकडे जे शिकलो त्याच्या आधाराने सांगतो.

तुमच्या प्रश्नातला 'किती' मला पटला नाही. आक्रमकता आणि ताबा ही काही तराजूची पारडी नव्हेत, की इकडचं थोडं काढून तिकडे टाकावं. मी ज्यांच्यासमोर उभा राहिलोय त्यातले सगळ्यात आक्रमक लढवय्ये हेच सगळ्यात शांतही होते. आणि ज्यांच्यासमोर मला दुखापतीची भीती वाटली ते बहुतेक बिचकलेले, गोंधळलेले लोक होते. तुमच्या दोन्ही चुका, म्हणजे बेफाम मारणं आणि हात आखडणं, एकाच ठिकाणाहून येतात. तुमचं सगळं लक्ष 'मी कसा मारतोय' यावर आहे. आपल्या खेळात ताब्याची खरी परीक्षा मार बसतो त्या क्षणी होते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम, म्हणजे एससीए, १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका घराच्या परसात भरलेल्या मध्ययुगीन स्पर्धेतून सुरू झाली. आज तिची वीस 'राज्यं' आहेत. प्रत्येकाला राजा-राणी असतात आणि गादी मिळते ती क्राउन टूर्नामेंट जिंकून. शिरस्त्राण किमान १.६ मिलिमीटर जाडीच्या पोलादाचं लागतं. तलवार मात्र वेताची. आपल्या शाळेत गुरुजींच्या टेबलावर असायचा तोच वेत, फक्त किमान सव्वा इंच जाडीचा, वर चिकटपट्टी गुंडाळलेला. साधं लाकूड तुटलं तर त्याला अणकुचीदार टोक येतं. वेत तसा तुटत नाही, त्याचे तंतू सुटत जातात आणि शेवटी झाडूसारखा पिंजतो. म्हणून वेत. (आपल्याकडचा फरी-गदकाही तलवारीच्या सरावासाठीच होता. ढालीमागून काठीने लढायची कल्पना आपल्याला नवी नाही.) वार पूर्ण वेगाने होतात. मनगटाच्या पुढे हातावर आणि गुडघ्याच्या एक इंच वरपासून खाली मारायचं नाही. डोकं, मान किंवा धडावर चांगला वार बसला तर तुम्ही मेलात. दंडावर बसला तर तो हात गेला, मांडीवर बसला तर गुडघ्यांवर येऊन लढायचं.

आता मुद्द्याचा नियम. वार 'चांगला' होता की नाही हे ज्याला लागला तोच सांगतो. मैदानावर मार्शल असतात, ते सुरक्षिततेकडे आणि नियमांकडे लक्ष देतात, पण गुण मोजणारा पंच कुणी नाही. सगळ्यांच्या अंगावर एकसारखंच चिलखत आहे असं धरून चालायचं: आत जाड भरलेला अंगरखा, वर कड्यांचं चिलखत, हातापायांवर उकळून कडक केलेलं चामडं, डोक्यावर नाकपट्टीचं उघड्या तोंडाचं लोखंडी शिरस्त्राण. प्रत्यक्षात तुम्ही कितीही पोलाद घातलं असलं तरी, हा वार त्या मानलेल्या चिलखतावर पुरेसा बसला असता का, याचा निवाडा तुम्ही करायचा. बसला असता तर 'गुड' म्हणून पडायचं. नसता तर 'लाइट' म्हणून लढत राहायचं.

गल्लीत क्रिकेट खेळताना बॅटला कट लागला की नाही हे एकालाच पक्कं माहीत असायचं, आणि नेमकी बॅट त्याचीच असायची. तिथे त्याने 'नाही' म्हटलं तर भांडण व्हायचं. इथे सगळा खेळच त्याच्या खरेपणावर उभा आहे. खरेपणा गेला तर उरते ती फक्त हेल्मेट घालून केलेली मारामारी.

यात एक अडचण आहे आणि ती नव्या माणसाला कुणी नीट समजावून सांगत नाही. अंगात अॅड्रिनलिन उसळलं की मार खरोखरच कमी जाणवतो. दृष्टी आक्रसते, कडेचं दिसेनासं होतं, कान बंद झाल्यासारखे होतात. त्यात हेल्मेटच्या सळ्यांमधून आधीच चिंचोळं दिसत असतं आणि आतला फोम धक्का शोषून घेत असतो. त्यामुळे जो वार मान्य करत नाही तो दर वेळी खोटं बोलत असतो असं नाही. आमच्यात अशा माणसाला 'गेंड्याच्या कातडीचा' म्हणतात, आणि हा शब्द फार लवकर वापरला जातो. पुष्कळदा त्याला खरंच कळलेलं नसतं. पण न कळणं हीही त्याचीच जबाबदारी, कारण डोकं तापू देणं त्याच्या हातात होतं. रागाने आधी जाते ती ही जाणीव. तुम्ही जास्त जोरात मारता हा पुढचा भाग. त्याआधी तुम्हाला लागलेलं कळेनासं होतं, आणि आपल्या खेळात ते न कळणं म्हणजे दुसऱ्याचा वार चोरणं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. लढायला लागल्यावर सातव्या-आठव्या वर्षी एका छोट्या स्पर्धेत मी उपांत्य फेरीत होतो. समोरच्याने पहिली लढत जिंकली होती, जिंकताना माझ्या ढालीला खांदा लावून मला दोन पावलं मागे ढकललं होतं, आणि ते नियमात बसत असूनही मला फार लागलं होतं. मनाला लागलं होतं. दुसऱ्या लढतीत त्याचा वार माझ्या उजव्या बरगडीवर आला. मी 'लाइट' म्हणालो, पुढच्याच क्षणी त्याच्या हेल्मेटवर वार घातला आणि त्याने तो मान्य केला. तिसरी लढतही मी जिंकलो, मग अंतिम फेरीही. संध्याकाळी तंबूत अंगरखा काढला तेव्हा उजव्या बरगडीवर सव्वा इंच रुंदीचा, सरळ, जांभळा पट्टा उमटलेला होता. असा पट्टा हलक्या वाराने उठत नाही. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मी खोटं बोललो नव्हतो. त्या क्षणी मला तो वार खरंच हलका वाटला होता, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं. त्याच रात्री त्याच्या तंबूत जाऊन पट्टा दाखवला आणि बक्षीस पुढे ठेवलं. त्याने ते घेतलं नाही. म्हणाला, पुढच्या वेळी ढाल खाली कर आणि मला विचार. तेव्हापासून मी विचारतो.

म्हणून पुढचे दोन महिने तुम्ही एवढंच करा. सरावात शंका आली की 'गुड'. सरावात मेल्याने काहीच बिघडत नाही. उलट दिवसाला चाळीस वेळा मेलात तर चाळीस वेळा नव्याने सुरुवात मिळते. पडल्यावर समोरच्याला विचारा, तुझ्या हाताला कसा वाटला? मारणाऱ्याच्या हाताला बरंच कळतं. हेल्मेटवर धार नीट बसली तर आवाज भरीव येतो, कड घासून गेली किंवा पट्टी आडवी बसली तर वेगळा येतो, आणि हा फरक दोन महिन्यांत कानाला सवयीचा होतो. पण 'मी मारलेला वार तू घ्यायला हवा होतास' हे समोरच्याला कधीही सुनावू नका. फारच खटकत असेल तर तुमच्या सरावाला येणाऱ्या एखाद्या नाइटला किंवा मार्शलला बाजूला नेऊन सांगा, ते बघतील. पांढरा पट्टा कंबरेला बांधणाऱ्या नाइटकडून हीच अपेक्षा असते. नुसता तलवारीचा हात चांगला आहे म्हणून तो पट्टा मिळत नाही.

आता हात आखडण्याबद्दल. लोक समजतात की हळू मारणं म्हणजे सौजन्य. आपल्या घरांमध्ये 'हात उचलायचा नाही' हे इतकं खोल रुजवलेलं असतं की पोलादी हेल्मेट घातलेल्या, स्वखुशीने समोर उभ्या असलेल्या माणसावरही हात धजावत नाही. पण जे होतं ते असं. तुम्ही हलका वार करता. तो म्हणतो 'लाइट', आणि बरोबरच म्हणतो. तुम्हाला वाटतं, लागला तर होता, हा मान्य का करत नाही? दुसराही 'लाइट'. आता मनात बसलं की हा लबाडी करतोय. तिसरा वार तुम्ही संतापून, दुप्पट जोराने घालता. समोरच्याच्या दृष्टीने तुम्ही दोनदा कुरवाळलंत आणि तिसऱ्यांदा विनाकारण हाणलंत. तुमच्या सरावात लोक नाराज होतात त्याचं कारण बहुधा हेच असावं. पहिलाच वार नीट, पुरेसा बसला असता तर तो 'गुड' म्हणून पडला असता आणि तुम्ही दोघं हसत उठला असतात.

नीट वार खांद्यातून येत नाही, कंबरेतून येतो. नवा माणूस दंडाने ओढतो, त्यामुळे ताकद जास्त लागते आणि वार मात्र पोचत नाही. घरामागे पेल उभा करा. पेल म्हणजे जमिनीत रोवलेला खांब, त्याला जुने टायर किंवा गालिचा गुंडाळायचा. रोज पन्नास वार, आरशात बघावं तसे सावकाश: आधी पाय फिरतो, मग कंबर, मग खांदा, सगळ्यात शेवटी मनगट. वार बसल्यावर वेत उसळून परत येऊ द्या, दाबून धरू नका. महिनाभरात एकाच ठरावीक जोराचा वार पुन्हा पुन्हा करता येऊ लागेल. माझ्या दृष्टीने ताबा म्हणजे हे: दहाव्या वाराला पहिल्या वाराएवढंच वजन असणं, समोर कोण आहे आणि तुमचा मूड काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसणं.

समोर बाई असली की काय करायचं? तेच करायचं. आमच्या सरावाला एक बाई येते, माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, माझ्याहून जास्त वर्षं लढलेली. माझ्या पहिल्या वर्षी तिने चौथ्या की पाचव्या लढतीनंतर हेल्मेट काढलं आणि शांतपणे विचारलं, तू माझ्याशी लढतोयस की मला सांभाळतोयस? सांभाळायचं असेल तर मी दुसऱ्या कुणाशी लढते, मला आज दोन तासच मिळालेत. ती दोन तास गाडी चालवून आली होती. मी तिचा रविवार वाया घालवत होतो हे तेव्हा कळलं. अंगाने लहान माणसासमोर एकच गोष्ट बदलावी: आपल्या वजनाने ढाल रेटून त्याला पाडायचं नाही, कारण त्यात कौशल्य नाही आणि गुडघा दुखावतो. वार मात्र पूर्ण.

आक्रमकतेबद्दल मला बरंच बोलायचंय, कारण तिचा अर्थच चुकीचा घेतला जातो. जोरात मारणं म्हणजे आक्रमकता नव्हे. समोरच्याचा वेळ आणि जागा काढून घेणं ही आक्रमकता, आणि ती पायांनी होते. नवे लोक तलवारीच्या टप्प्याच्या हातभर बाहेर उभे राहतात, तिथून वार पोचत नाही म्हणून आणखी जोर लावतात. टप्प्याच्या आत पाऊल टाकायला धाडस लागतं, कारण तिथे तुम्हालाही लागू शकतं. पाऊल आत टाकलं की वार निम्म्या ताकदीत बसतो. जो खरा आक्रमक असतो तो 'ले ऑन' (लढत सुरू करा) ऐकताच पुढे सरकतो, तुमच्या पुढच्या पायाशेजारी आपला पाय रोवतो आणि तुम्हाला मागे जायला भाग पाडतो. त्याचे खांदे सैल असतात, श्वास चालू असतो.

तापलेला माणूस मी समोरून रोज पाहतो. त्याची लक्षणं इतकी सारखी असतात की सांगून ठेवतो, स्वतःत शोधा. तो श्वास रोखतो. खांदे कानांपर्यंत चढतात. वार करताना ढालीचा हातही सोबत बाहेर फिरतो आणि छाती उघडी पडते. आणि तो एकच वार पुन्हा पुन्हा करतो, हेल्मेटच्या डाव्या बाजूला, कारण तेवढाच सुचतो. अशा माणसाला हरवणं सोपं असतं. माझ्या तालमीतले वस्ताद एखादा पोरगा हौद्यात चिडला की त्याला बाहेर काढायचे आणि खोरं देऊन माती उकरायला लावायचे. शिक्षा वाटायची. आज वाटतं, पोराचा श्वास जाग्यावर यावा म्हणूनच असेल ते. माती उकरताना श्वास रोखता येत नाही.

त्याचा आपल्याकडचा पर्याय म्हणजे प्रत्येक लढतीनंतर ढाल जमिनीवर टेकवून तीन पूर्ण श्वास, मगच पुढची. स्पर्धेत हेरल्ड, म्हणजे लढती पुकारणारा, तीन सलामी द्यायला सांगतो: राजा-राणीला, ज्याची खूण तुम्ही अंगावर बाळगता त्या व्यक्तीला, आणि समोरच्या प्रतिस्पर्ध्याला. लोक त्या उरकतात. उरकू नका. तिसऱ्या सलामीला समोरच्याच्या सळ्यांमागचे डोळे बघा. कुस्तीआधी आपण हात मिळवायचो तेही उगाच नव्हतं. माझा अनुभव असा की ज्याचे डोळे पाहिले त्याच्यावर मला आंधळा वार करता आलेला नाही. आणि तीन श्वासांनीही डोकं निवलं नाही तर सरळ हेल्मेट काढा आणि सावलीत पाणी पीत बसा. मीही आजपर्यंत अनेकदा बसलोय. लोकांना ते दिसतं आणि पुढच्या वेळी ते तुमच्याशी जास्त विश्वासाने लढतात.

चिडणं ही तुमची खासगी खोट आहे असं मात्र समजू नका. आपला खेळ ज्या मध्ययुगीन स्पर्धांवरून आला, त्यांच्यापासून ती सोबत आहे. १२७३ मध्ये इंग्लंडचा पहिला एडवर्ड धर्मयुद्धावरून परतत होता. वाटेत शालाँच्या काउंटने त्याला स्पर्धेचं आव्हान दिलं. लढतीच्या भरात काउंटने एडवर्डच्या गळ्याला मिठी घालून त्याला घोड्यावरून ओढायचा प्रयत्न केला. एडवर्ड संतापला, दोन्हीकडचे लोक तापले, आणि खेळाची खरी लढाई होऊन माणसं मेली. इतिहासात तिला 'शालाँची छोटी लढाई' म्हणतात. याच एडवर्डच्या काळात, १२९२ मध्ये, इंग्लंडमध्ये टूर्नामेंटसाठी हत्यारांचा कायदा झाला: लढणाऱ्यांची हत्यारं बोथट हवीत, बघ्यांनी हत्यार आणायचं नाही. माणूस तापणार हे धरूनच तो नियम बनवला होता. तुम्हीही तेच धरून चाला. मी कधी चिडणारच नाही अशी प्रतिज्ञा करू नका. चिडलो तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा.

सामूहिक लढाईत हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे राग एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. फळीत तुमच्या शेजारचा ओरडू लागला की तुमचेही हात वेगाने चालतात. तिथे एक शब्द बाकी सगळ्याच्या वर ठेवा: 'होल्ड'. तो कुणीही उच्चारला तरी जागच्या जागी थांबायचं, तो शब्द आपणही मोठ्याने पुढे द्यायचा आणि गुडघ्यावर बसायचं. हवेत असलेला वारही आवरायचा. मी नव्या माणसाला फळीत घ्यायच्या आधी तो किती जोरात मारतो हे बघत नाही, 'होल्ड'ला किती लवकर थांबतो ते बघतो.

डोक्याच्या दुखापतीबद्दल दोन वाक्यं, पण ती ठामपणे. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, आत मेंदू हादरण्यापासून पूर्ण वाचवू शकत नाही. त्यामुळे वारानंतर डोकं दुखलं, मळमळलं, भोवळ आली, दिसताना धूसर झालं, तर तो दिवस संपला आणि डॉक्टरकडे जायचं. 'थोडंसंच आहे' म्हणून त्याच दिवशी पुन्हा हेल्मेट चढवणाऱ्याला मी ओरडतो, आणि ओरडत राहीन.

आणि मजा. पहिल्या महिन्यांत नवलाई असते: पोलादाचा आवाज, घामाचा आणि चामड्याचा वास, आपण खरंच हे करतोय याचा आनंद. चौथ्या महिन्याला नवलाई ओसरते आणि कौशल्य अजून आलेलं नसतं. बहुतेक जण इथेच सोडून जातात, म्हणून तुम्ही आत्ता विचारलंत याचं मला बरं वाटलं. पुढची मजा दिसण्यात आहे. सध्या समोरून येणारे वार तुम्हाला फक्त लागतात, दिसत नाहीत. वर्षभरात एक दिवस असा येईल की त्याचा खांदा हलताना दिसेल, वार कुठून येणार ते कळेल, ढाल आपोआप तिथे जाईल. तरीही कधी कधी लागेल, पण कसा लागला ते दिसेल. त्या दिवसापासून मार खाण्यातही रस येतो.

तोवर हार-जीत मोजणं बंद करा. दर रविवारी एकच गोष्ट हातात घ्या. आज फक्त पाऊल. आज दहा लढती नुसता बचाव, एकही वार नाही. आज फक्त समोरच्याच्या खांद्याकडे नजर. एखाद्या अनुभवी माणसाला अर्ध्या वेगाने लढायला सांगा, मात्र दोघांचा वेग खरंच अर्धा राहिला पाहिजे. आणि समोरच्याने सुंदर वार घातला, ढालीच्या कडेवरून वळवून हेल्मेटच्या मागे, तर मोकळेपणाने 'वा!' म्हणा. गाण्याच्या बैठकीत आपण दाद देतो ना, तशी. मी मराठीतच म्हणतो, आता आमच्याकडचे ओहायोचे लोकही म्हणतात. ज्याच्या वाराला दाद दिली त्याच्यावर चिडणं फार अवघड जातं. मजा गेली असं वाटलं की मी स्वतःला एवढंच विचारतो: आज मी कुणाला दाद दिली? बहुधा उत्तर 'कुणालाच नाही' असं येतं.

बुहर्टचं विचारलंत. मला त्या खेळाबद्दल आदर आहे. २०१० मध्ये युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात 'बॅटल ऑफ द नेशन्स' पहिल्यांदा भरली आणि तिथून तो जगभर पसरला. हत्यारं पोलादाची, बोथट. सांघिक लढतीत वार मान्य करण्याचा प्रश्नच येत नाही: दोन पायांखेरीज शरीराचा तिसरा भाग जमिनीला टेकला की तुम्ही बाद, आणि ते पंच ठरवतात. कुस्ती केलेल्याला तो फार जवळचा वाटतो, मलाही वाटला. पण तिथे आत्ता जाऊ नका. तुमची अडचण वार सोसण्याची आणि मान्य करण्याची आहे. बुहर्टमध्ये तिची गाठ कधी पडणारच नाही, त्यामुळे ती सुटणारही नाही, आणि हातात वेताऐवजी पोलाद असेल. दोन वर्षं इथे लढा, मग जा. तेव्हा माझ्याकडून पाठीवर थाप.

पेन्सिकला मात्र जरूर जा. १९७२ पासून हे 'युद्ध' भरतंय. पश्चिम पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉकजवळ कूपर्स लेकच्या मैदानात दहा हजारांच्या आसपास माणसं जमतात. त्याआधी तुमच्या मार्शलकडून लढण्याची परवानगी-परीक्षा पास करून घ्या, तिच्याशिवाय मैदानात उतरता येणार नाही. पहिल्याच वर्षी सगळ्या लढाया लढायचा हट्ट नको. पुलाच्या लढाईत पहिल्या रांगेत जाऊ नका, तिथे मागून-पुढून रेटा येतो आणि श्वास घ्यायला जागा नसते. तिथे जाणारच असाल तर दुसऱ्या रांगेत भाला घेऊन उभे राहा. भाल्याच्या टोकाने सळ्यांवर हलकेच नेमका स्पर्श करायचा असतो, त्याने ताबा जितका लवकर येतो तितका कशानेच येत नाही. जंगलातली लढाई नक्की लढा, सावली असते आणि ओळखीच्या आठ-दहा जणांच्या टोळीत फिरता येतं. हवेत दमटपणा असतो, मिठाचं पाणी जवळ ठेवा, तहान लागायच्या आधी प्या.

तुम्ही न्यू जर्सीचे म्हणजे ईस्ट किंगडम या राज्याच्या बाजूने, मी ओहायोचा म्हणजे मिडल किंगडमच्या. समोरासमोरच असू. माझ्या ढालीवर पिवळ्या रंगात काळा बैल आहे, कोल्हापुरातल्या एका पोस्टर रंगवणाऱ्याने आखून दिलेला. दिसला तर सलामी द्या आणि आत पाऊल टाकून मारा. वार बसला तर मी 'गुड' म्हणेन, आणि संध्याकाळी तंबूत चहा आहे.